एल-फलनांची कुटुंबे आणि मध्यबिंदूजवळची शून्ये

वैश्लेषिक संख्यासिद्धांतात एखादे एल-फलन, म्हणजे मूळ संख्यांची माहिती साठवणारे अनंत श्रेणीचे फलन, समोर ठेवून त्याला थेट प्रश्न विचारला, की ते सहसा उत्तर देत नाही. रीमानचे झीटा फलन १८५९पासून अभ्यासात आहे, तरीही त्याची सगळी अवघड शून्ये (ते फलन जेथे शून्य होते असे महत्त्वाचे बिंदू) एकाच रेषेवर आहेत की नाहीत हे, म्हणजे रीमान गृहीतक, आपण सिद्ध करू शकलेलो नाही. मूळ संख्यांच्या अभ्यासातून आलेल्या इतर एल-फलनांचीही तीच स्थिती आहे. मात्र तोच प्रश्न सजातीय फलनांच्या संपूर्ण समूहाला विचारला, म्हणजे ‘यांपैकी किती जणांच्या बाबतीत असे घडते?’ किंवा ‘सरासरीने काय घडते?’ असे विचारले, तर पुष्कळदा पूर्ण, बिनशर्त सिद्धता हाती येते. एल-फलनांच्या कुटुंबांचा अभ्यास या अनुभवावर उभा आहे. माझे मत त्याहून थोडे पुढचे आहे. कुटुंब ही केवळ सरासरी काढण्याची सोय मानली, तर या विषयातला सर्वांत सुंदर भाग निसटतो, कारण कुटुंबाला स्वतःचा असा एक स्वभाव असतो आणि तो त्यातल्या कुठल्याही एका सदस्याकडे पाहून कळत नाही.

या विचाराची सुरुवात डिरिक्लेच्या १८३७च्या सिद्धतेत आहे. ‘कुटुंब’ हा शब्द त्या संदर्भात कोणी वापरला नव्हता, पण युक्ती तीच होती. समजा, ५ने भागल्यावर बाकी २ उरते अशा मूळ संख्या अनंत आहेत असे दाखवायचे आहे: २, ७, १७, ३७, ४७ आणि पुढे. ५च्या संदर्भात डिरिक्ले कॅरॅक्टर, म्हणजे फक्त बाकीवर अवलंबून असणारी आणि गुणाकार जपणारी फलने, चार आहेत. २चे घात ५च्या बाकीत २, ४, ३, १ असे फिरत असल्याने कॅरॅक्टरचे २वरचे मूल्य ठरले, की बाकी सारे ठरते. ते मूल्य चार कॅरॅक्टरांसाठी अनुक्रमे १, आय, −१ आणि −आय असते. येथे आय म्हणजे −१चे वर्गमूळ. आता एखाद्या संख्येवरच्या प्रत्येक कॅरॅक्टरच्या मूल्याला त्याच कॅरॅक्टरच्या २वरील मूल्याच्या संयुग्मीने गुणून चारही गुणाकारांची बेरीज करा. संख्येची बाकी २ असेल, तर चारही गुणाकार १ येतात आणि बेरीज ४ होते. बाकी ४ असेल, तर गुणाकार १, आय, −१, −आय असे येतात आणि बेरीज शून्य होते. इतर बाक्यांचेही तसेच. एकट्या कॅरॅक्टरला ‘बाकी २’ ओळखता येत नाही. चौघे मिळून ती नेमकी ओळखतात.

सिद्धतेचा उरलेला भाग म्हणजे १ या बिंदूवर मुख्य कॅरॅक्टर (वरच्या उदाहरणात ज्याचे २वरचे मूल्य १ आहे ते) सोडून बाकीच्यांची एल-फलने शून्य होत नाहीत हे दाखवणे. तेथेही कुटुंबच उपयोगी पडते. सर्व कॅरॅक्टरांच्या एल-फलनांचा गुणाकार घेतला, तर १पेक्षा मोठ्या प्रत्येक वास्तव संख्येवर तो किमान १ असतो. मुख्य कॅरॅक्टरचे फलन १पाशी अनंताकडे जाते, पण फक्त एकाच शून्याची भरपाई करता येईल इतक्याच वेगाने. म्हणजे उरलेल्यांपैकी फार तर एक फलन १वर शून्य होऊ शकते. संमिश्र मूल्यांची कॅरॅक्टर जोडीने येतात, त्यामुळे त्यांतले एक शून्य झाले तर त्याचा जोडीदारही होईल आणि विसंगती येईल. म्हणून ती सुटतात. मागे राहते ते वास्तव मूल्यांचे, म्हणजे १ आणि −१ एवढीच मूल्ये घेणारे द्विघाती कॅरॅक्टर. त्यासाठी डिरिक्लेला द्विघाती रूपांच्या वर्गसंख्येचे सूत्र वापरावे लागले. या वास्तव कॅरॅक्टरांची अडचण आजही संपलेली नाही. त्यांच्या फलनाला १च्या अगदी लगत एखादे शून्य, म्हणजे तथाकथित सीगेल शून्य, असू शकते ही शक्यता अद्याप कोणालाही नाकारता आलेली नाही.

विसाव्या शतकात हीच कल्पना फार मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. बाँबिएरी आणि विनोग्रादोव यांनी १९६५ मध्ये स्वतंत्रपणे सिद्ध केलेल्या प्रमेयाचा आशय असा आहे, की अंकगणिती श्रेढींमधील मूळ संख्यांची गणना करताना, श्रेढीचा सामाईक फरक गणनेच्या मर्यादेच्या साधारण वर्गमुळापर्यंत बदलू दिला, तर व्यापक रीमान गृहीतकाने (डिरिक्ले कॅरॅक्टरांच्या एल-फलनांसाठीच्या त्याच विधानाने) मिळाली असती जवळपास तेवढीच अचूकता सरासरीने मिळते. न सिद्ध झालेल्या गृहीतकाचे काम सिद्ध झालेल्या सरासरीकडून करून घेण्याची ही पद्धत आता इतकी अंगवळणी पडली आहे, की तिचे नवल वाटणे बंद झाले आहे.

कुटुंबाचा स्वभाव दिसू लागतो तो शून्यांच्या मांडणीत. माँटगोमेरीने झीटा फलनाच्या शून्यांमधील परस्पर अंतरांचा अभ्यास केला आणि १९७२ मध्ये प्रिन्स्टन येथे चहाच्या वेळी त्याने आपले सूत्र फ्रीमन डायसनला सांगितले, तेव्हा डायसनने ते यादृच्छिक हर्मिशियन मॅट्रिक्सांच्या आयगेनव्हॅल्यूंचे (मॅट्रिक्सशी निगडित ठरावीक संख्यांचे) सूत्र म्हणून लगेच ओळखले, ही हकिकत अनेकांना ठाऊक असते. तिच्यापुढचा भाग कमी सांगितला जातो. रुडनिक आणि सार्नाक यांनी १९९६ मध्ये दाखवले, की काही मर्यादांच्या आत हीच मांडणी अतिशय व्यापक प्रकारच्या एल-फलनांना लागू पडते. म्हणजे रेषेवर खूप उंच गेले, की सगळी एल-फलने एकसारखीच दिसू लागतात. तेथे झीटा कोणते आणि इलिप्टिक वक्राचे (विशिष्ट त्रिघाती समीकरणाने मिळणाऱ्या वक्राचे) फलन कोणते, हे अंतरांवरून सांगता येत नाही. सार्वत्रिकतेचा हा निकाल मोठाच आहे, पण त्यातून व्यक्तीचीही ओळख होत नाही आणि कुटुंबाचीही होत नाही.

फरक दिसतो तो खाली, रेषेच्या मध्यबिंदूपाशी, म्हणजे १/२ या बिंदूच्या आसपास. तेथे एका फलनाची मोजकीच शून्ये सापडतात, त्यामुळे एकट्या फलनाची आकडेवारी काढण्यात अर्थ नसतो आणि कुटुंब घेण्यावाचून गत्यंतर नसते. प्रत्येक एल-फलनासोबत कंडक्टर नावाचा एक पूर्णांक येतो. मध्यबिंदूजवळच्या शून्यांमधले अंतर त्याच्या लॉगरिदमच्या व्यस्त प्रमाणात असते. ते सरासरी अंतर १ होईल अशा मापाने शून्ये मोजायची, एका मर्यादेपर्यंतच्या कंडक्टरची सर्व फलने घेऊन सरासरी काढायची आणि मर्यादा वाढवत न्यायची. काट्झ आणि सार्नाक यांनी १९९९ मध्ये मांडलेले चित्र असे, की या सरासरीतून मिळणारा घनतेचा आलेख मोजक्या ठरावीक आलेखांपैकीच एक असतो आणि त्यातील प्रत्येक आलेख मॅट्रिक्सांच्या एका समूहाशी जोडलेला असतो: युनिटरी, सिम्प्लेक्टिक, किंवा ऑर्थोगोनलचे सम, विषम व मिश्र असे प्रकार.

आलेखांतील फरक मध्यबिंदूवर सर्वांत स्पष्ट दिसतो. एका मूळ कंडक्टरची सर्व डिरिक्ले कॅरॅक्टर घेतली, तर कुटुंब युनिटरी असते आणि तेथील घनता १ असते, म्हणजे मध्यबिंदू इतर बिंदूंसारखाच एक. फक्त द्विघाती कॅरॅक्टर घेतली, तर कुटुंब सिम्प्लेक्टिक असते आणि मध्यबिंदूवरची घनता ० येते. जवळ जावे तशी ती अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घसरत जाते, जणू शून्यांना तो बिंदू टाळायचाच असतो. सम चिन्हाच्या, म्हणजे ज्यांच्या एल-फलनाच्या सममिती-समीकरणातील चिन्ह +१ आहे अशा, मॉड्युलर फॉर्मचे (भरपूर सममिती असलेल्या संमिश्र फलनांचे) कुटुंब घेतले, तर तेथे घनता २ होते आणि शून्ये मध्यबिंदूकडे गर्दी करतात. विषम चिन्हाच्या कुटुंबात समीकरणाच्या सममितीमुळे एक शून्य मध्यबिंदूवरच खिळलेले असते. यांपैकी कोणत्याही कुटुंबातले एखादे फलन उचलून वर उंचावरची त्याची शून्ये तपासली, तर तेथे पुन्हा तीच युनिटरी मांडणी सापडते. म्हणजे सिम्प्लेक्टिकपणा हा त्या फलनाचा गुण म्हणता येत नाही. तो कुटुंबाचा गुण आहे.

हे समूह येतात कोठून? मर्यादित क्षेत्रांवरच्या बहुपदींच्या जगात याचे चोख उत्तर आहे. तेथे वर्गमुक्त बहुपदीवरून हायपरइलिप्टिक वक्र तयार होतो, त्याचे एल-फलन ही मर्यादित घाताची बहुपदी असते, तिची शून्ये एका प्रत्यक्ष सिम्प्लेक्टिक मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यू असतात, आणि रीमान गृहीतकाचे तिथले रूप वेयने विसाव्या शतकाच्या मध्यापूर्वीच सिद्ध केलेले आहे. वक्रांचे कुटुंब घेतले, की त्याच्यासोबत मोनोड्रोमी नावाचा खराखुरा समूह येतो, आणि क्षेत्राचा आकार वाढवत नेला, तर त्या कुटुंबातील मॅट्रिक्स समूहात समप्रमाणात पसरतात हे देलीन्यच्या प्रमेयातून निघते. तेथे सममिती ही अटकळ नाही, तो सिद्धांत आहे. आपल्या नेहमीच्या पूर्णांकांच्या जगात मात्र शून्यांची आकडेवारी एखाद्या समूहाच्या असण्याची साक्ष देते, पण तो समूह कशावर क्रिया करतो हे कोणालाही दाखवता आलेले नाही. मला या विषयाचे सर्वाधिक आकर्षण येथे वाटते. परिणाम सगळे हजर आहेत, कारण मात्र गैरहजर आहे.

घनतेचे हे सिद्धांत प्रत्यक्षात पूर्णपणे सिद्ध झालेले नाहीत, आणि ते कोठपर्यंत सिद्ध झाले आहेत यावर बरेच अवलंबून असते. शून्यांची मोजणी ज्या कसोटी-फलनांनी करायची, त्यांचे फूरिये रूपांतर किती रुंद असू द्यायचे यावर मर्यादा येते. द्विघाती कॅरॅक्टरांसाठी ओझ्लुक आणि स्नायडर यांनी १९९०च्या दशकात, व्यापक रीमान गृहीतक मानून, जेवढी रुंदी साधली तिच्यातून निघते, की किमान १५/१६, म्हणजे ९३.७५ टक्के द्विघाती कॅरॅक्टरांची एल-फलने मध्यबिंदूवर शून्य होत नाहीत. सर्वदमन चावला यांची अटकळ त्याहून कडक आहे: अशा कोणत्याही फलनाचे मध्यबिंदूवर शून्य नसतेच. कोणतेही गृहीतक न घेता सौंदरराजन यांनी २००० मध्ये, वर्गमुक्त विषम संख्यांच्या आठपटींवरून तयार होणाऱ्या द्विघाती कॅरॅक्टरांसाठी हे प्रमाण किमान ७/८ असल्याचे सिद्ध केले. सर्व डिरिक्ले कॅरॅक्टरांच्या कुटुंबात धन प्रमाण मिळते हे प्रथम बालसुब्रमण्यम आणि कुमार मूर्ती यांनी १९९२ मध्ये दाखवले, आणि १९९९ मध्ये इवानिएच व सार्नाक यांनी ते एक तृतीयांशापर्यंत नेले.

याच जोडीच्या आणखी एका निकालापाशी थोडे थांबायला हवे. सम चिन्हाच्या मॉड्युलर फॉर्मच्या कुटुंबात मध्यबिंदूवरचे मूल्य ऋण नसते. इवानिएच व सार्नाक यांनी २००० मध्ये सिद्ध केले, की त्यांपैकी किमान निम्म्या फॉर्मसाठी ते मूल्य शून्यापासून एक ठरावीक अंतर राखून असते. अपेक्षा अर्थातच शंभर टक्क्यांची आहे. ५० टक्क्यांवरून ५०.१ टक्क्यांवर जाणे ही किरकोळ सुधारणा वाटेल. पण त्यांनी हेही दाखवले, की त्या अंतरासकट निम्म्याच्या पुढे कितीही थोडे जाता आले, तर सीगेल शून्ये अस्तित्वातच नाहीत असे सिद्ध होते. म्हणजे डिरिक्लेला छळणारे ते एकुलते एक वास्तव कॅरॅक्टर दीडशेहून अधिक वर्षांच्या अंतराने, संपूर्णपणे वेगळ्या कुटुंबाच्या उंबरठ्यावर पुन्हा उभे राहते आणि नेमक्या निम्म्यावर वाट अडवते. टक्केवारीच्या स्पर्धा मला एरवी कंटाळवाण्या वाटतात. ही त्यातली नव्हे.

आता उलटा प्रवास. कुटुंबाबद्दल कळले, पण एका विशिष्ट सदस्याबद्दल काही सांगायचे असेल तर? समजा, एका मूळ कंडक्टरची सर्व कॅरॅक्टर घेऊन त्यांच्या मध्यबिंदूवरील मूल्यांच्या निरपेक्ष किमतींच्या चौथ्या घातांची बेरीज केली. ती लॉगरिदम सोडून साधारण कंडक्टरएवढी येते. सर्व पदे ऋण नसलेली असल्याने एक पद ठेवून बाकी सगळी टाकून देता येतात, आणि त्या एका मूल्याची कमाल मर्यादा कंडक्टरच्या १/४ घाताइतकी मिळते. हे तर कुटुंबाशिवायही, फलनाच्या सामान्य गुणधर्मांवरूनच मिळते. हजारो पदे फेकून दिल्यावर हाती काही उरले नाही यात आश्चर्य नाही. बर्जेसने १९६३ मध्ये वेगळ्या मार्गाने हा घात ३/१६ वर आणला आणि पुढे जवळपास चार दशके तो तेथेच अडकून राहिला.

कॉनरी आणि इवानिएच यांनी २००० मध्ये जे केले ते कुटुंब निवडण्याच्या कलेचा उत्तम नमुना आहे. त्यांना द्विघाती कॅरॅक्टरची मर्यादा हवी होती, पण त्यांनी कॅरॅक्टरांचे कुटुंब घेतलेच नाही. त्यांनी त्या कॅरॅक्टरने वळवलेल्या (गुणकांना कॅरॅक्टरच्या मूल्यांनी गुणलेल्या) मॉड्युलर फॉर्मचे मोठे कुटुंब घेतले आणि मध्यबिंदूवरील मूल्यांच्या घनांची बेरीज केली. ही मूल्ये ऋण नसतात, म्हणून घन चालतो. त्या बेरजेच्या अखंड भागात, म्हणजे आयझेनस्टाइन श्रेणींच्या हिश्शात, आपल्या मूळ कॅरॅक्टरचे एल-फलन सहाव्या घाताने दडलेले असते. संपूर्ण बेरीज कंडक्टरच्या पहिल्या घाताइतकीच आहे हे दाखवता आले, की सहावे मूळ काढून १/६ हा घात थेट मिळतो. पेट्रो आणि यंग यांनी कुटुंब आणखी कौशल्याने निवडून हाच घात २०२० मध्ये घनमुक्त कंडक्टरच्या आणि २०२३ मध्ये सर्व डिरिक्ले कॅरॅक्टरांच्या बाबतीत सिद्ध केला. कोणत्या कुटुंबात बसवले असता आपले फलन किती घातांनी मोजले जाईल, हा प्रश्न विचारायला सुचणे हेच मला त्या सिद्धतेतले निम्मे काम वाटते.

घातांच्या सरासऱ्यांचा विषय निघालाच आहे, तर ४२ आणि २४०२४ या दोन संख्यांचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. झीटा फलनाच्या दुसऱ्या घाताची सरासरी हार्डी व लिटलवुड यांनी १९१८ मध्ये आणि चौथ्या घाताची इंगमने १९२६ मध्ये काढली. त्यात येणारे गुणक १ आणि २. सहाव्या घाताची सरासरी आजही सिद्ध नाही, परंतु कॉनरी व घोष यांच्या मते तेथे ४२ यायला हवेत, आणि आठव्या घातासाठी कॉनरी व गोनेक यांनी २४०२४चा अंदाज बांधला. किटिंग आणि स्नेथ यांनी मूळ संख्यांकडे न पाहता, केवळ यादृच्छिक युनिटरी मॅट्रिक्सांवरून सूत्र काढले, आणि त्यातून अनुक्रमे १, २, ४२, २४०२४ याच संख्या बाहेर पडल्या. सिम्प्लेक्टिक आणि ऑर्थोगोनल समूहांसाठी तीच कृती केली, की द्विघाती कॅरॅक्टरांच्या आणि मॉड्युलर फॉर्मच्या कुटुंबांसाठी अंदाज मिळतात. जेथे सिद्धता आहेत तेथे ते तंतोतंत जुळतात.

सगळीकडे मात्र आकडे इतक्या चटकन साथ देत नाहीत. एका इलिप्टिक वक्राला द्विघाती कॅरॅक्टरांनी वळवून मिळणाऱ्या कुटुंबाबद्दल गोल्डफेल्डने १९७९ मध्ये म्हटले, की मध्यबिंदूवरील शून्याची सरासरी कोटी (ते शून्य किती पट आहे ती संख्या) १/२ असावी: निम्मी फलने तेथे शून्य होत नाहीत, निम्म्यांना चिन्हामुळे एक शून्य घ्यावेच लागते, आणि त्याहून जास्त कोटीची प्रमाणाने नगण्य. सर्व इलिप्टिक वक्रांच्या बाबतीतही हीच अपेक्षा आहे, पण प्रत्यक्ष तक्ते करू लागले तेव्हा सरासरी निम्म्यापेक्षा बरीच जास्त निघत होती आणि कंडक्टर वाढवत नेला तरी खाली यायला तयार नव्हती. या ताणाची सविस्तर चर्चा २००७ मध्ये बेक्तेमिरोव, मेझर, स्टाइन आणि वॉटकिन्स यांनी केली. अटकळ चुकीची असे मला वाटत नाही. कंडक्टर दहा कोटी असला तरी त्याचा नैसर्गिक लॉगरिदम जेमतेम १८.४ असतो, आणि या विषयात सारे काही लॉगरिदमच्या मापाने घडते. भार्गव आणि शंकर यांनी वक्रांच्या सरासरी रँकची (वक्रावरील स्वतंत्र परिमेय बिंदूंच्या संख्येची; ती वरच्या कोटीइतकी असावी अशी अपेक्षा आहे) मर्यादा १च्या खाली आणली ती एल-फलनांच्या वाटेने न जाता, सेल्मर समूहांची (रँकला वरून मर्यादा घालणाऱ्या समूहांची) गणना करून. आणि तिने निदान इतके नक्की केले, की तक्त्यांतील चढ कायमचा असू शकत नाही.

तक्त्यांनी अपेक्षेपलीकडचे काही दाखवले असेही घडले आहे. २०२२ मध्ये ही, ली, ऑलिव्हर आणि पोझ्द्न्याकोव यांनी ठरावीक पट्ट्यातील कंडक्टरचे वक्र घेतले, त्यांच्या एल-फलनांचे मूळ संख्यांवरचे गुणक रँकनुसार वेगळे करून त्यांची सरासरी काढली, आणि आलेखात स्पष्ट लाटा उमटल्या. त्या मूळ संख्येवर एकट्या अवलंबून नसून मूळ संख्या आणि कंडक्टर यांच्या गुणोत्तरावर अवलंबून दिसतात. कोणत्याही एका वक्राच्या गुणकांत हे दिसणे शक्य नाही. तेथे फक्त गोंगाट असतो. पुढच्याच वर्षी झुब्रिलिना यांनी मॉड्युलर फॉर्मच्या कुटुंबासाठी त्या लाटांचे नेमके सूत्र सिद्ध केले.

इतके सगळे झाल्यावर ‘कुटुंब म्हणजे नेमके काय?’ हा प्रश्न उरतोच, आणि त्याला सर्वमान्य उत्तर नाही. फलनांचा कोणताही संच कुटुंब ठरत नाही. ज्यांचे पहिले शून्य मध्यबिंदूपासून लांब आहे अशी द्विघाती कॅरॅक्टर तेवढी वेचून एकत्र केली, तर घनतेचा हवा तसा आलेख तयार करता येईल, पण त्यातून काही शिकता येणार नाही, कारण उत्तर निवडीतच भरलेले होते. कुटुंबाची निवड शून्यांकडे न पाहता, भूमिती किंवा प्रतिनिधित्वाच्या सिद्धांतातून झालेली असावी लागते. सार्नाक, शिन आणि टेम्पलियर यांनी २०१६ मध्ये अशी कुटुंबे दोन मार्गांनी तयार करण्याची चौकट मांडली: एक, वक्रांसारख्या भूमितीय वस्तूंचे पॅरामीटर बदलत नेऊन, दुसरा, ऑटोमॉर्फिक फॉर्मच्या वर्णपटावरील स्थानिक अटींमधून. कुटुंबातील गुणकांच्या सरासरीवरून एक माप तयार होते आणि त्यावरून सममितीचा प्रकार आधीच वर्तवता येतो. ज्ञात उदाहरणे या चौकटीत बसतात. दोन्ही मार्ग मुळात एकाच व्याख्येची दोन रूपे आहेत काय, हे मात्र अजून मोकळेच आहे.